तिसरी खुर्ची : मिनेसोटातली 1998ची गव्हर्नर निवडणूक

आधी निकाल सांगून टाकतो, कारण या प्रकरणात उत्कंठा निकालाची नाही, तो लागला कसा याची आहे. 3 नोव्हेंबर 1998. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात जेसी व्हेंचुरा यांना 7,73,713 मतं पडली. रिपब्लिकन पक्षाचे नॉर्म कोलमन 7,17,350 वर थांबले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे (तिथे त्याचं नाव डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, थोडक्यात डीएफएल) ह्यूबर्ट 'स्किप' हम्फ्री 5,87,528 मतांसह तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. टक्क्यांत सांगायचं तर साधारण 37, 34 आणि 28. व्हेंचुरा होते रिफॉर्म पक्षाचे. राज्याच्या विधिमंडळात या पक्षाचा एकही सदस्य नव्हता. स्वतः उमेदवार म्हणजे नौदलातून आलेले, नंतर टीव्हीवरच्या कुस्तीत 'द बॉडी' या नावाने गाजलेले, पुढे मारधाडीच्या सिनेमांत दिसलेले आणि त्या वर्षी रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम करणारे सहा फूट चार इंचांचे गृहस्थ. राजकारणातली जमेची बाजू एवढीच, की 1991 ते 1995 या काळात ते मिनिआपोलिसच्या ब्रुकलिन पार्क या उपनगराचे महापौर होते.

तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा दिल्लीहून नेमलेला नसतो. तो थेट मतदारांनी निवडलेला, मुख्यमंत्र्याच्या तोलाचा कार्यकारी प्रमुख असतो. अंदाजपत्रक, कर, शाळा, रस्ते सगळं त्याच्याकडे. म्हणजे लोकांनी गंमत म्हणून मत दिलं असेल तर ती बरीच महागातली गंमत होती.

पैसा होता, तरी राग होता

या निवडणुकीबद्दल बोलताना बहुतेक जण 'लोक वैतागले होते' एवढं म्हणून पुढे जातात. पण वैतागले कशावर? 1998च्या मिनेसोटात बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आत होती. राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरची शिल्लक पडत होती. मावळते गव्हर्नर आर्नी कार्लसन रिपब्लिकन होते, आठ वर्षं राज्य करून सन्मानाने निघाले होते. कारखाने बंद पडत नव्हते, उपासमार नव्हती.

माझ्या मते राग नेमका या शिल्लकीवरच होता. आमच्याकडून जास्त घेतलंत म्हणून शिल्लक पडली, मग ती परत का करत नाही, हा साधा घरगुती हिशेब होता. त्यात भर गाडीच्या 'टॅब'ची. तिथे गाडीच्या नंबरप्लेटवर दरवर्षी नवा छोटा स्टिकर लावावा लागतो. मिनेसोटात त्याची फी गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरायची आणि नव्या गाडीला ती काही शे डॉलर बसायची. मालमत्ता कराचं बिल आपल्याला नीट वाचता येत नाही, पण हा स्टिकर दरवर्षी स्वतःच्या हाताने प्लेटवर चिकटवावा लागतो, त्यामुळे तो लक्षात राहतो. व्हेंचुरा स्वतः पाण्यावर चालवायच्या जेट स्कीच्या नोंदणी फीवरून सभांत तावातावाने बोलायचे. धोरणपंडितांना ते पोरकट वाटायचं. उपनगरात गॅरेजमध्ये बोट ठेवणाऱ्या मतदाराला अजिबात वाटत नव्हतं, आणि दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणवणाऱ्या मिनेसोटात असे मतदार थोडेथोडके नाहीत.

दुसरी ठसठस स्टेडियमची होती. ट्विन्स या बेसबॉल संघाला नवं स्टेडियम सरकारी पैशातून बांधून द्यावं, नाहीतर संघ राज्याबाहेर जाईल, अशी टांगती तलवार 1997 साली वर्षभर लोकांच्या डोक्यावर ठेवली गेली. मालक अब्जाधीश. विधिमंडळाने अखेर नोव्हेंबरमध्ये विशेष अधिवेशनात प्रस्ताव फेटाळला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. तिकडे कोलमन सेंट पॉलचे महापौर म्हणून हॉकीचा व्यावसायिक संघ शहरात परत आणल्याचं श्रेय घेत होते, आणि त्या मैदानालाही सार्वजनिक पैसा लागत होता. व्हेंचुरांची भूमिका एका ओळीची होती: खेळाडू आणि मालक एवढे श्रीमंत आहेत तर मैदान त्यांनीच बांधावं.

वरून त्या पूर्ण हंगामात टीव्ही लावला की राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि मोनिका लुइन्स्की यांचं प्रकरण. वॉशिंग्टनमध्ये एक बाजू खोटं बोलते आहे आणि दुसरी बाजू त्याचा सोहळा करते आहे, हे रोज रात्री घरात बसून बघणाऱ्या माणसाला दोन्ही पक्षांची शिसारी यायला आणखी काही लागत नाही.

वारसदारांची प्राथमिक फेरी

डीएफएलची उमेदवारी मागणाऱ्यांची यादीच बोलकी होती. स्किप हम्फ्री हे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांचे चिरंजीव. टेड मॉन्डेल हे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांचे. माइक फ्रीमन हे माजी गव्हर्नर आणि केनेडींचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांचे. चौथे मार्क डेटन, प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरच्या घराण्यातले. घराण्याचा वारसा नसलेले ठळक नाव एकच, खाणपट्ट्यातले राज्य सिनेटर डग जॉन्सन. वर्तमानपत्रांनी 'तीन चिरंजीव' म्हणून थट्टा केली. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे अशी यादी आली तर आपण फक्त कोणता मुलगा कोणाचा ते विचारतो.

पक्षाच्या अधिवेशनाने पाठिंबा दिला फ्रीमन यांना. पण पक्षाचा उमेदवार शेवटी मतदारच ठरवतात, आणि सप्टेंबरच्या त्या प्राथमिक मतदानात जिंकले हम्फ्री. ते राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सगळ्यांत वरचे सरकारी वकील होते आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी तंबाखू कंपन्यांना कोर्टात खेचून सहा अब्ज डॉलरहून मोठी तडजोड पदरात पाडून घेतली होती. नाव मोठं, काम मोठं, जनमत चाचण्यांत आघाडी भक्कम. निवडणूक त्यांची, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांनीही.

कोलमन यांची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, डिसेंबर 1996पर्यंत डीएफएलचेच, मग रिपब्लिकन. पण मतदाराच्या नजरेतून याहून मोलाचा तपशील असा, की महापौर होण्याआधी ते अनेक वर्षं ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात वकील होते आणि त्यातली बरीच वर्षं हम्फ्री तिथे साहेब होते. म्हणजे दोन मुख्य पक्षांचे दोन उमेदवार एकाच कचेरीतले: एक साहेब, एक हाताखालचा. दोघे वकील, दोघे आयुष्यभर सरकारी पगारावर.

हम्फ्रींचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. वादसभेत तिसऱ्या उमेदवाराला बसवायचं की नाही, हे अमेरिकेत बहुतेक वेळा मोठे पक्ष आणि आयोजक ठरवतात आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. त्या वर्षी व्हेंचुरांना खुर्ची मिळावी म्हणून हम्फ्री स्वतः आग्रही राहिले. कोलमनबरोबर वादसभा हवी असेल तर तिघांची, ही त्यांची अट होती.

यात उदारपणा किती आणि गणित किती? गणितच जास्त. व्हेंचुरा कर कमी करा म्हणतात, बंदुकांच्या बाजूचे आहेत, त्यांचे चाहते कामकरी पुरुष, म्हणजे ते मतं खाणार कोलमनची, असा तो हिशेब. कागदावर बरोबर वाटतो. आपल्याकडे अपक्ष उभा करून विरोधकाची मतं फोडतात तोच प्रकार, फक्त इथे अपक्ष स्वतःच्या पायांनी चालत आला होता आणि त्याला नुसता माइक द्यायचा होता.

हिशेब चुकला, कारण त्याने मतदारांची विभागणी डावे आणि उजवे अशी धरली होती. त्या वर्षी खरी रेघ कचेरीच्या आतले आणि कचेरीच्या बाहेरचे यांच्यामध्ये होती, आणि त्या रेघेच्या एकाच बाजूला हम्फ्री आणि कोलमन दोघे होते.

ऑक्टोबरमध्ये राज्यभर वादसभा झाल्या. त्यातली हिबिंगची सभा विशेष लक्षात ठेवण्यासारखी, कारण हिबिंग म्हणजे लोखंडाच्या खाणींचा पट्टा, कामगार संघटनांचा, डीएफएलचा बालेकिल्ला. तिथे व्हेंचुरांना हसून घालवतील अशी अपेक्षा होती. चित्र दिसलं ते असं: दोन सूटवाले, समोर टिपणांचे कागद, प्रश्न आला की तयार उत्तर, आकडे, मग एकमेकांच्या आकड्यांवर आक्षेप, मग आक्षेपावर आक्षेप. तिसऱ्याच्या समोर कागद नाही. ज्याचं उत्तर माहीत आहे ते दोन वाक्यांत; जे माहीत नाही तिथे सरळ 'मला माहीत नाही, बघून सांगेन'. निवडून आलात तर अमुक खात्याचं काय कराल, या प्रश्नाला उमेदवार 'माहीत नाही' म्हणतो हे लोकांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. पत्रकारांनी त्याला अभ्यासाचा अभाव म्हटलं, आणि तो होताच. प्रेक्षकांनी त्याच वाक्याला प्रामाणिकपणा म्हटलं.

शिवाय ज्याने उमेदीची वर्षं नुरा कुस्तीत घालवली, त्याला समोर चाललेली नुरा कुस्ती ओळखायला कितीसा वेळ लागणार? दोघे भांडत असताना तो मध्ये पडत नसे. भांडण संपलं की प्रेक्षकांकडे बघून एक वाक्य टाकायचं, हशा व्हायचा, आणि भांडणारे दोघे एकाच पंगतीत बसलेले दिसायचे. जुन्या साहेबाने आणि जुन्या हाताखालच्याने एकमेकांवर केलेला प्रत्येक वार तिसऱ्याच्या झोळीत पडत गेला.

प्राथमिक फेरीनंतर चाचण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास असलेले व्हेंचुरा ऑक्टोबरच्या मध्यात वीसच्या वर गेले. तरीही मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत एकाही प्रसिद्ध चाचणीत ते पहिले नव्हते.

या काळात त्यांच्या विरोधात काही नव्हतं असं नाही. वेश्याव्यवसाय कायदेशीर करण्याचा विचार व्हायला हरकत नाही अशा अर्थाचं ते बोलून गेले आणि दोन्ही प्रतिस्पर्धी तुटून पडले. जास्त मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी सुनावलं, की इथवर पोचण्याइतकी अक्कल आहे तर फी कशी भरायची तेही शोधून काढा. एखादा मुरलेला पुढारी या दोन वाक्यांत संपला असता. पण ज्या मतदाराला 'हा तोलूनमापून बोलत नाही' हेच आवडलं आहे, त्याला तोल सुटलेला दाखवून काय मिळणार? हम्फ्रींच्या प्रचाराला आलेल्या हिलरी क्लिंटन यांनी या उमेदवारीला सर्कशीतल्या बाजूच्या खेळाची उपमा दिली. टोला उमेदवाराला होता, लागला तो त्याला मत द्यायचं ठरवत असलेल्या माणसाला.

पाच टक्के, एक कर्ज आणि शेजाऱ्याची शपथ

इथवरची गोष्ट व्यक्तीची झाली. पण नुसत्या व्यक्तीने हे होत नाही. चिडलेला मतदार आणि फटकळ उमेदवार अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत सापडतात. तो मतदार सहसा घरी बसतो आणि तो उमेदवार सहसा तीन टक्क्यांवर आटोपतो. मिनेसोटाचे नियम वेगळे होते, आणि या प्रकरणाचा अभ्यास करायचा तर तो इथे करायला हवा.

राज्यव्यापी निवडणुकीत पाच टक्के मतं मिळवली की पक्षाला तेव्हा 'प्रमुख पक्षा'चा दर्जा मिळायचा. डीन बार्कली नावाचे वकील रिफॉर्म पक्षाकडून अमेरिकेच्या सिनेटसाठी 1996 साली उभे राहिले, हरले, पण सात टक्के मतं घेऊन गेले. त्या हरण्यात पुढच्या जिंकण्याची पायाभरणी झाली: मतपत्रिकेवर जागा पक्की झाली आणि निवडणुकीसाठीच्या सरकारी निधीवर हक्क आला. बार्कलीच मग व्हेंचुरांच्या प्रचाराचे प्रमुख झाले.

हा निधी करदात्यांनी विवरणपत्रावर खूण करून बाजूला काढलेल्या पैशातून येतो. व्हेंचुरांच्या वाट्याचे तीन लाख डॉलरच्या घरातले पैसे हाती पडणार होते निवडणुकीनंतर, आणि टीव्हीवर जाहिराती लागणार होत्या निवडणुकीआधी. म्हणून बँकेचं कर्ज. एकामागून एक बँकांनी नाही म्हटलं. अखेर मिनिआपोलिसमधल्या एका छोट्या बँकेने धाडस केलं आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जाहिराती सुरू झाल्या. त्यातली एक विशेष गाजली: दोन लहान मुलं व्हेंचुराच्या बाहुल्याशी खेळत आहेत आणि तो बाहुला हितसंबंधीयांच्या दुष्ट बाहुल्याला झोडपतो आहे. बिल हिल्समन यांचं ते काम. प्रतिस्पर्ध्यांच्या खर्चासमोर हा पैसा अगदीच किरकोळ होता. टी-शर्ट विकून आणि पन्नास-पन्नास डॉलरच्या देणग्यांवर गाडा चालला होता. या छोट्या देणग्यांमागेही नियम होता. पन्नास डॉलरपर्यंतची राजकीय देणगी दिली तर राज्य सरकार ती देणाऱ्याला परत करायचं. म्हणजे खिशाला तोशीस नाही आणि उमेदवाराला पैसा.

मग शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार नियम. मिनेसोटात 1970च्या दशकापासून मतदानाच्या दिवशीच, मतदान केंद्रावरच नाव नोंदवता येतं. नवा पत्ता असलेला गाडी चालवण्याचा परवाना, विजेचं बिल आणि ओळखपत्र, विद्यार्थ्याचं कॉलेजचं कार्ड, यातलं काही चालतं. काहीच नसेल तर त्याच मतदान विभागातला नोंदणीकृत मतदार शपथेवर सांगू शकतो, की हा माझा शेजारी, हा इथे राहतो. शेजारी सही करतो, तुम्ही मत देता.

आपल्याकडच्या वाचकाने इथे जरा थांबावं. पुण्यात 2014च्या लोकसभेला सकाळी रांगेत उभे राहून यादीत नाव नाही म्हणून परत गेलेल्यांचा संताप ज्यांना आठवतो, त्यांना या एका सहीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. मतदाराला शेवटच्या आठवड्यात राग आला तर आपल्याकडे यादी कधीच बंद झालेली असते. निवडणूक खोटी मतं टाळण्यासाठी कडक ठेवावी, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण कडकपणाचा भुर्दंड नेहमी भाडेकरू, विद्यार्थी आणि नुकतं घर बदललेल्यांवर पडतो, हेही खरं आहे.

त्या मंगळवारी तीन लाखांहून जास्त लोकांनी केंद्रावर जाऊन नाव नोंदवलं, एकूण मतदारांच्या जवळपास सहाव्या-सातव्या हिश्शाइतके. जिंकलेल्याची आघाडी होती 56 हजारांची. कॉलेजांजवळच्या आणि उपनगरांतल्या केंद्रांवर रांगा लागल्या. मतदान साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षी अमेरिकेत एवढं क्वचित होतं आणि त्या वर्षी ते देशात सगळ्यांत जास्त होतं. तिशीच्या आतल्या मतदारांपैकी जवळपास निम्मे व्हेंचुरांकडे गेले. मिनिआपोलिसच्या उत्तरेकडच्या अनोका काउंटीत, जिथे गॅरेजमध्ये बोटी असतात, तिथे त्यांनी दोघांना मिळून टक्कर दिली. चाचण्या चुकल्या त्याचं एक कारणही हेच. चाचणीवाले 'मतदान करण्याची शक्यता असलेल्यां'ना विचारत होते, आणि ही माणसं त्या व्याख्येत बसतच नव्हती.

निवडून आल्यावर

रागाने निवडलेला माणूस कारभार कसा करतो, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सरळ नाही. शिल्लक परत केली: 1999 साली घरोघरी विक्रीकराच्या परताव्याचे चेक गेले, लोक त्यांना 'जेसी चेक' म्हणायचे. टॅबची फी उतरवली, जुन्या गाड्यांसाठी 99 डॉलरवर मर्यादा घातली. 2001 साली शाळांच्या मूलभूत खर्चाचा भार मालमत्ता करावरून काढून राज्याने उचलला, आणि हे बोलघेवड्या माणसाचं नव्हे तर चिवट प्रशासनाचं काम होतं. मिनिआपोलिसची लाइट रेल त्यांनी लावून धरली. अनुभवी माणसं पक्ष न बघता खात्यांवर नेमली. विधिमंडळाचं एकच सभागृह असावं ही त्यांची लाडकी योजना मात्र तडीस गेली नाही. एक सभागृह रिपब्लिकनांचं, दुसरं डीएफएलचं, आणि गव्हर्नरचं स्वतःचं कोणीच नाही, तर तडीस नेणार कोण?

दुसरीकडे, मासिकाला मुलाखत देऊन संघटित धर्म म्हणजे दुबळ्या मनाच्या लोकांची कुबडी असं म्हणणं, पदावर असताना अमेरिकन फुटबॉल सामन्यांचं समालोचन करायला जाणं, पत्रकारांना 'अधिकृत कोल्हा' असं छापलेली ओळखपत्रं वाटणं, हेही झालं. जो फटकळपणा वादसभेत ताजा वाटला तो तिसऱ्या वर्षी लोकांना जाचू लागला. 2001 साली मंदी आली, शिल्लक तर गेलीच, साडेचार अब्ज डॉलरची तूट दिसू लागली. परत केलेला पैसा हाताशी असता तर, असं म्हणणारे तेव्हा निघाले. 1998 साली असं कोणी म्हटलं असतं तर त्याला दोन टक्के मतं पडली नसती. व्हेंचुरा 2002 साली पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

पण खुर्ची राहिली. वादसभांत तिसऱ्या पक्षाचा माणूस बसणं ही तिथे काही काळ रीतच झाली. व्हेंचुरांचा गट आता इंडिपेंडन्स पक्ष या नावाने लढत होता. त्याच्या उमेदवाराने 2002 साली 16 टक्के मतं घेतली आणि रिपब्लिकन टिम पॉलेन्टी 44 टक्क्यांवर गव्हर्नर झाले. 2010 साली पुन्हा तिरंगी लढत होऊन नऊ हजारांहून कमी मतांनी जे निवडून आले ते 1998च्या प्राथमिक फेरीत हरलेले मार्क डेटन. पुढे 2014 साली इंडिपेंडन्स पक्षाच्या एकाही राज्यव्यापी उमेदवाराला पाच टक्के ओलांडता आले नाहीत आणि प्रमुख पक्षाचा दर्जा गेला. बार्कलींनी 1996 साली हरताना जे मिळवून ठेवलं होतं ते परत शून्यावर आलं. मतपत्रिकेवर नाव यायचं तर आता आधी सह्या गोळा करत दारोदार फिरायचं.